म्हाताऱ्याचा सगळ्यात चांगला अल्बम

मंदी आली तेव्हा आमच्या ऑफिसात सगळ्यात आधी खुर्च्या सुधारल्या. दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये आमची आर्किटेक्टची कंपनी होती आणि टॉवरांची ड्रॉइंग्ज सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. एकेका टॉवरचं काम थांबलं तशी माणसं कमी होत गेली, आणि जो जाईल त्याची खुर्ची मागे उरलेल्यांपैकी कुणीतरी ओढून घेई. त्या हिवाळ्यात मी थेट डायरेक्टरच्या केबिनमधून आलेल्या खुर्चीत बसत होते. नवीन ड्रॉइंग येत नव्हतं. मग हेडफोन लावायचा आणि एका इंग्रज म्हाताऱ्याचं संगीत ऐकत बसायचं.

हा म्हातारा तरुणपणी एका मोठ्या बँडमध्ये होता. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्या जातीचं संगीत. एकेक गाणं इतकं लांब, की सुरुवातीला लावलेला भात गाणं संपेपर्यंत शिजून, वाढून, खाऊन होतो. ताल मध्येच बदलणार, मग बासरी येणार, मग कुणीतरी ऑर्गनवर तुटून पडणार. माझा नवरा नाट्यगीतातला. त्याने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मांडीवर बोटांनी मात्रा मोजल्या आणि म्हणाला, "हा तर सरळसरळ रूपक आहे. त्यासाठी एवढे केस वाढवायची काय गरज होती?"

पुढे तो बँड फुटला आणि म्हातारा एकटाच अल्बम काढत राहिला. जगाच्या मते त्याचं खरं काम बँडबरोबरच संपलं होतं. दुबई आणि शारजा मिळून तीन मराठी माणसांना हे अजिबात मान्य नव्हतं, आणि त्यातली एक मी.

बाकीचे दोघे मला म्हाताऱ्याच्या चाहत्यांच्या वेबसाइटवर भेटले. एक पुण्याचा इंजिनिअर. शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये टॉवरांसाठी लोखंडी तुळया बनवणाऱ्या कारखान्यात होता. टॉवर थांबले, तुळया तिथेच यार्डात पडून राहिल्या आणि त्यांच्याकडे बघत बसणं एवढीच त्याची ड्यूटी उरली. बायको-मुलांना त्याने आधीच पुण्याला पाठवलं होतं. दुसरे रत्नागिरीचे, वयाने आमच्याहून मोठे. त्यांना आम्ही भाई म्हणायचो. जहाजांना लागणारे दोर, रंग, हातमोजे पुरवण्याचा त्यांचा धंदा. मंदीत त्यांचं उलट बरं चाललं होतं, कारण माल नसलेली जहाजं समुद्रात नुसती उभी होती आणि "उभ्या जहाजाला बांधून ठेवायला दोर जास्त लागतो, ताई," असं ते सांगायचे. कॉलेजात असताना त्यांना एका जहाजावरच्या गोऱ्या ऑफिसरने म्हाताऱ्याची कॅसेट दिली होती. तेव्हापासून त्यांचा नमाज आणि म्हातारा, दोन्ही कधी चुकले नाहीत.

दर शुक्रवारी दोघे भाईंच्या पिकअपमधून आमच्या इंटरनॅशनल सिटीतल्या घरी यायचे. सुरुवातीला ते मला वहिनी म्हणत. मी ठणकावून सांगितलं की इथे ऐकणारी मी आहे, नवरा नव्हे, तेव्हा मी ताई आणि तो दाजी. नवऱ्याने हे पद आनंदाने स्वीकारलं. दाजीला मान मोठा आणि काम काहीच नाही, असं त्याचं म्हणणं.

तर त्या वेबसाइटवर मतदान निघालं. वेबसाइट चालवायचा वेल्समधला एक निवृत्त पोस्टमन. बँड सुटल्यानंतरच्या काळातला म्हाताऱ्याचा सगळ्यात आवडता अल्बम कोणता, प्रत्येकाने एक मत द्यायचं. नावापुढे देश लिहायचा. साधी गोष्ट होती. पण इंजिनिअरला साधी गोष्ट चालत नसे.

"तीन मतं तीन अल्बमना गेली तर गल्फची काय इज्जत राहील?" तो म्हणाला. "एकगठ्ठा मत टाकायचं. तिघांचं एक."

"बरोबर आहे," भाई म्हणाले. "ओट्याला टाकू."

तिथून भांडण सुरू झालं.

आम्ही अल्बमना त्यांच्या कव्हरवरून नावं ठेवली होती. 'ओटा' म्हणजे म्हातारा घराबाहेरच्या पायरीवर मांजर घेऊन बसलाय तो. त्यात नुसती गिटार आणि त्याचा आवाज. तो भाईंचा. इंजिनिअरचा जीव 'दीपगृहा'वर. त्यात सबंध अल्बमभर एकच गाणं होतं आणि ते संपलं तरी संपलंय हे कळत नसे. माझी 'लाल छत्री'. त्यात मोठा ऑर्केस्ट्रा होता, आणि शेवटाकडे व्हायोलिनं अशी उठायची की मला बस चुकली तरी चालायचं.

एका बाबतीत मात्र आमचं पक्कं एकमत होतं. करड्या भिंतीचं कव्हर असलेला एक अल्बम होता. त्यात ड्रम वाजवायला माणूसच नव्हता, मशीन होतं, आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत 'स्स्स-टक, स्स्स-टक' करत राहायचं. त्याला आम्ही 'कुकर' म्हणायचो. तो आमच्या घरात लावायला बंदी होती.

प्रचाराचे ते शुक्रवार मी विसरणार नाही. इंजिनिअरने मार्कांची पद्धत काढली. सुरावट, शब्द, तालाची गुंतागुंत. कसेही मार्क दिले तरी दीपगृह पहिलं यायचं. भाई म्हणाले, "साहेब, हा काटा आमच्या बाजारातला दिसतोय." भाईंची पद्धत वेगळी होती. ते घरच्या ओल्या काजूंची उसळ घेऊन आले आणि इंजिनिअर दुसऱ्यांदा वाढून घेत असताना त्यांनी हळूच ओटा लावला. इंजिनिअर तोंड भरलेलं असताना "वाईट नाही" असं म्हणाला. भाईंनी ते मत म्हणून धरलं. मी मोदक केले, भाईंशी गुप्त करार केला की पहिल्या फेरीत मी ओट्याला मत देईन, दुसऱ्या फेरीत त्यांनी छत्रीला द्यावं. दोन्ही फेऱ्यांत आम्ही दोघांनीही आपापल्याच अल्बमना मत दिलं आणि मग एकमेकांकडे दुखावल्यासारखं बघत बसलो.

आमची मुलगी दारातून हे सगळं बघायची. "आई, यू गाइज आर वर्स दॅन माय क्लास," ती एकदा म्हणाली. तिच्या वर्गात तेव्हा मॉनिटरची निवडणूक चालू होती.

असं अडकलेलं असताना बातमी आली की म्हातारा दुबईत येतोय.

यायचं कारणही मंदीच. कुठल्याशा बिल्डरने टॉवर विकायच्या पार्टीसाठी त्याला कधीचा ठरवून ठेवला होता. टॉवरच्या जागी खड्डा राहिला, बिल्डर गायब झाला, पण हॉल, खोली आणि म्हाताऱ्याचं विमानाचं तिकीट हे सगळं ठरलेलं होतं. खाडीकाठच्या त्या हॉटेलात तसंही कुणी उतरत नव्हतं. त्यांनी म्हटलं, येऊ दे, वाजवू दे, चार लोक जेवायला तरी येतील.

इंजिनिअरचा लगेच फोन आला. "ताई, सुटला प्रश्न. त्यालाच विचारायचं. तो सांगेल त्या अल्बमला तिघांचं मत. खलास."

भाई आणि मी लगेच तयार झालो. त्या शुक्रवारी भेटलो तेव्हा भाईंनी एक अट घातली. कार्यक्रम संपल्यावर तिघांनी मिळून विचारायचं. त्याआधी कुणीही एकट्याने म्हाताऱ्याला गाठायचं नाही. आम्ही एकमेकांना शब्द दिला. इंजिनिअरने तर गळ्याला चिमटा घेऊन "आईशपथ" म्हटलं.

कार्यक्रम गुरुवारी संध्याकाळी होता. गुरुवारी दुपारी मी ऑफिसातून डोकं दुखतंय सांगून निघाले आणि टॅक्सी करून थेट हॉटेलात गेले. माझा हेतू वाईट नव्हता. मला फक्त तो आलाय का ते बघायचं होतं.

तो लॉबीत बसला होता. फोटोतल्यापेक्षा उंच आणि वाकलेला, सँडलमध्ये पांढरे मोजे, समोर चहा आणि खजुराची ताटली. टॅक्सीत मी चांगली चार वाक्यं जुळवली होती. त्याच्यासमोर उभी राहिले आणि तोंडून निघालं, "सर, मी ठाण्याची."

"असं?" तो म्हणाला. "लांब आहे का?"

"विमानाने तीन तास."

"मग बसा," त्याने खुर्ची दाखवली. मी बसले आणि दम न घेता विचारलं की बँडनंतरच्या अल्बमांत तुमचा स्वतःचा आवडता कोणता. त्याने खजूर संपवला, बी ताटलीच्या कडेला ठेवली. "आधी तुमचा सांगा."

मी लाल छत्री सांगितली. शेवटच्या व्हायोलिनांबद्दल बोलले. बस चुकल्याचंही सांगितलं. त्याने कप खाली ठेवला आणि हात छातीवर नेला. "तुम्हाला ते कळलं," तो म्हणाला. "माझाही तोच. पण हे मी सहसा कुणाला सांगत नाही."

मी तरंगत निघाले. फिरत्या दारात शिरले तर पलीकडच्या कप्प्यातून भाई आत येत होते. खांद्यावर दोराचं भेंडोळं. काचेतून आमची नजरानजर झाली. दार फिरलं, ते आत गेले, मी बाहेर. मग मी परत फिरून आत गेले.

"भाई, तुम्ही इथे?"

"डिलिव्हरी," ते म्हणाले.

"हॉटेलला दोर कशाला?"

भाईंनी वर झुंबराकडे पाहिलं, जणू ते बांधून ठेवायला लागतं. "आणि ताई, तुम्ही?"

"मैत्रीण उतरलीय. बाराव्या मजल्यावर."

"अच्छा."

"अच्छा."

त्यांनी मला काही विचारलं नाही, मी त्यांना काही विचारलं नाही. इतकी सभ्य भेट आमची आधी कधी झाली नव्हती.

संध्याकाळी नवरा आणि मुलीला घेऊन मी पोचले तेव्हा इंजिनिअर पहिल्या रांगेत आधीच बसलेला. इस्त्रीचा शर्ट, आणि चेहऱ्यावर निकाल आधीच फुटलेल्या विद्यार्थ्याचं हसू. भाई आले. त्यांचाही चेहरा तसाच. माझा कसा होता ते मला दिसत नव्हतं, पण नवरा कानाशी म्हणाला, "तू काय केलंयस?"

"काही नाही."

"मग असं मांजरासारखं का हसतेयस?"

हॉल निम्मा रिकामा होता. मागच्या खुर्च्या भरायला हॉटेलने रिसेप्शनवरची माणसं आणून बसवली होती. म्हाताऱ्याबरोबर त्याची माणसं आलीच नव्हती. हॉटेलच्या बारमध्ये रोज वाजवणारी फिलिपिनो मंडळी साथीला होती. त्यांना दोनच दिवस मिळाले होते म्हणे. पण त्या मुली-मुलांनी ते वेडेवाकडे ताल असे पेलले, की दुसऱ्या गाण्यानंतर म्हाताऱ्याने वळून ड्रमवरच्या मुलीला वाकून नमस्कार केला. तो गायला लागला तेव्हा आवाज वरच्या सुरात फाटत होता. तिथे तो गाणं सोडून द्यायचा, आणि ती जागा गिटारवर असलेला पोरगा भरून काढायचा. इंजिनिअर रडत होता. तुळयांच्या यार्डात बसून बसून त्याच्यात काय साठलं होतं कोण जाणे. भाईंनी त्याच्या हातात आपला रुमाल दिला.

मुलगी म्हणाली, "आई, ही इज ओल्डर दॅन आजोबा."

"गप्प बस."

"बट ही इज बेटर."

कार्यक्रम संपल्यावर तो स्टेजच्या कडेला खुर्चीवर बसला होता. आम्ही तिघे पुढे झालो, मागून नवरा आणि मुलगी. म्हाताऱ्याने आम्हाला येताना पाहिलं. त्याच्या भुवया हळूहळू वर गेल्या.

इंजिनिअरने घसा खाकरला. "सर, हे माझे दोन मित्र. यांना तुमच्या तोंडून ऐकायचंय. आज सकाळी तुम्ही लिफ्टमध्ये मला जे सांगितलंत ते प्लीज परत सांगा."

"लिफ्टमध्ये?" मी म्हणाले. "सकाळी?"

"म्हणजे... योगायोगाने." नंतर कळलं की हाफ डे टाकून हा माणूस म्हातारा सापडेपर्यंत लिफ्टने वर-खाली करत होता.

"साहेब, तुम्ही शपथ घेतली होती," भाई म्हणाले. मग म्हाताऱ्याकडे वळून म्हणाले, "पण हरकत नाही. सर, तुम्ही मला दुपारी जे सांगितलंत, तेच यांनाही सांगा."

"दोर घेऊन गेला होतात ते?" मी म्हणाले.

"आणि बाराव्या मजल्यावरची मैत्रीण बरी आहे ना, ताई?"

मग माझ्यामागे नवरा हसायला लागला. त्याला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. त्याने मुलीला मराठीत सगळं समजावून सांगितलं, तीही हसायला लागली. दीपगृह, ओटा, लाल छत्री. म्हाताऱ्याने तिघांसमोर छातीवर हात ठेवला होता आणि तिघांनाही सांगितलं होतं की हे मी सहसा कुणाला सांगत नाही.

"तुम्ही एकमेकांना ओळखता हे मला कुणी सांगायला हवं होतं," म्हातारा म्हणाला. त्याला जराही लाज वाटत नव्हती.

भाईंनी त्याला मतदानाची हकिगत सांगितली. एकगठ्ठा मताची, नियमाची, तो सांगेल ते मान्य करण्याच्या शब्दाची. त्याने लहान मुलासारखं मन लावून ऐकलं. मग विचारलं, "आणि सगळ्यात वाईट कोणता?"

आम्ही तिघांनी एकदम उत्तर दिलं. करड्या भिंतीचा. एका सुरात, इतक्या जोरात, की ड्रमवरची मुलगी तारा गुंडाळता गुंडाळता थांबली. आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते आम्हाला कळलं.

म्हाताऱ्याने आपल्या मोज्यांकडे पाहिलं. "तो मी एकट्याने केला," तो म्हणाला. "बँड गेला होता, कुणी बरोबर वाजवायला तयार नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते मशीन ठेवलं आणि सबंध हिवाळा त्याच्याशी वाजवत बसलो. माझं काही चुकलं तरी ते थांबायचं नाही. बाकीच्या सगळ्यांत कुणा ना कुणाचा हात आहे. तो एकच सगळा माझा." मग त्याने वर पाहिलं. "माझा आवडता तो. तुमचा शब्द आहे ना?"

परतताना आम्ही सगळे आमच्या गाडीतून निघालो, भाईंची पिकअप हॉटेलवरच ठेवून. इंजिनिअरने मोबाइलवरून कुकर लावला. बंदी असूनही त्याच्याकडे तो होता, हे त्या दिवशी उघड झालं. स्स्स-टक, स्स्स-टक. बाहेर अर्धवट टॉवर, त्यांच्यावर न हलणाऱ्या क्रेन.

"चौथ्यांदाही बनवलं असेल तर?" इंजिनिअर म्हणाला.

"मोज्यांकडे बघून बोलला," मी म्हणाले. "खरंच असेल."

"माझ्याशी बोलतानाही मोज्यांकडेच बघत होता," इंजिनिअर म्हणाला.

भाई बराच वेळ ऐकत राहिले. "आता वेगळं वाटतंय का, भाई?" नवऱ्याने विचारलं.

"नाही," भाई म्हणाले. "कुकरच आहे. पण आता आपल्या घरचा आहे."

आम्ही मतं दिली. निकाल लागला तेव्हा सगळ्या जगातून कुकरला तीनच मतं होती आणि तिन्ही यूएईमधली. वेबसाइटवर आमची यथेच्छ थट्टा झाली. उन्हाने डोकं फिरलं असेल, असं कुणी लिहिलं. पोस्टमनने खासगीत विचारलं की बटण चुकून दाबलं गेलं का. इंजिनिअरने उत्तर पाठवलं: "चूक नाही. कारण आम्हाला माहीत आहे, पण सांगता येत नाही."

हे एक वाक्य पुरलं. आठवड्याभरात नॉर्वेच्या एकाने लिहिलं की करड्या भिंतीचा अल्बम त्याने पुन्हा ऐकला आणि त्यात आधी न दिसलेलं काहीतरी आहे. कॅनडाच्या एका बाईंनी त्या स्स्स-टकवर मोठा लेख लिहिला. त्यात एकटेपण, कारखाने, श्वास असं पुष्कळ काही होतं. जपानमध्ये कुणाला भिंतीवरच्या डागांत नकाशा सापडला. आम्ही शुक्रवारी हे सगळं मोठ्याने वाचायचो आणि खुर्चीतून पडायचो. पुढच्या वर्षीच्या मतदानात कुकर चक्क मधोमध आला, लाल छत्रीच्या वर. ते मात्र मला लागलं.

तोवर इंजिनिअर आमच्यात नव्हता. उन्हाळ्यात हमरियाचं यार्ड बंद झालं. जायच्या दिवशी तो घरी आला, पिठलं-भात खाल्ला, आणि दीपगृहाची सीडी माझ्या हातात ठेवली. "अक्कल येईपर्यंत ऐका," म्हणाला. विमानतळावर भाईंनी त्याला मिठी मारली. इतके वाचाळ लोक काचेच्या दाराशी असे गप्प उभे होते, की दाजींनाच शेवटी "यल्ला, चला, विमान जाईल," म्हणावं लागलं.

आता इंजिनिअर चाकणला आहे. भाईंनी धंदा पुतण्याकडे दिला आणि रत्नागिरीला घर बांधलं. मी अजून इथेच, दुसऱ्या कंपनीत, साध्या खुर्चीत. मध्यंतरी म्हाताऱ्याने एक नवीन अल्बम काढला. नुसता पियानो, बोटं थरथरतायत ते ऐकू येतं. इथे व्हॉट्सॲपवरून फोन करायला बंदी आहे, म्हणून तिघांनी एकाच वेळी आपापल्या घरी ऐकायचा आणि मग व्हॉइस नोट पाठवायच्या असं ठरलं.

माझा निम्मा ऐकून झाला होता तोच इंजिनिअरची नोट आली. "ताई, संपूर्ण ऐकल्याशिवाय मत देऊ नका. पण हा दीपगृहाच्या जवळ जातोय, बघा तुम्ही."

मागोमाग भाईंची. पाठीमागे कोंबडा ओरडत होता. "साहेब, काहीही काय. हा तर ओट्याचा धाकटा भाऊ आहे. आणि ऐका, या वेळी त्याला विचारायला कुणी जाणार असेल तर मला आधी सांगा, मी पासपोर्ट शोधून ठेवतो."

नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं. "पुन्हा सुरू झालं का?"

मी त्याला हाताने गप्प केलं आणि नोट रेकॉर्ड करायला घेतली, कारण दोघांनाही मुळात काही कळलेलं नव्हतं.